शेवट काही पटला नाही

लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्री भिजवलेली मेंदी डोक्याला थापली, की दोन-तीन तास बसून राहावे लागते. अशाच एका रविवारी १९९५ सालचा ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ पुन्हा पाहिला. तीन तासांहून मोठा सिनेमा, मेंदीला अगदी बेताचा!

तरुणपणी शेवटाला टाळ्या वाजवल्या होत्या. यंदा मन खट्टू झाले. गाडी सुटलेली, सिमरनचा हात बाऊजींच्या मुठीत. ते सोडतील तेव्हाच ती धावणार. त्याआधी तिची आई स्वतःचे दागिने पुढे करून दोघांना पळून जा म्हणते, तर राजच नाही म्हणतो. त्याला वडिलांची संमती हवी. चांगलेच आहे. पण सिमरनचे म्हणणे मोजतो कोण?

बडोद्यातल्या आपल्या घरांत तरी वेगळे काय घडते? बारावीनंतर मुलीने पुण्याला शिकायला जायचे की नाही, हे फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी वडील ठरवतात. तिला आधी विचारा ना, पालकहो!

शेजारी बसलेली माझी नववीतली लेक म्हणाली, “आई, बाऊजींनी हात सोडलाच नसता तर?”

मी मेंदी धुवायला उठले.