बास म्हणजे पुरे!

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण विषय आपल्या सगळ्यांच्या कानाचा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत जळगावला घरी गेले, तर दादाने कॉम्प्युटरला नवे स्पीकर जोडलेले. टेबलाखाली कोपऱ्यात भला मोठा वूफर आणि बेस फुल्ल! आजीला खूश करावं म्हणून मी बहिणाबाईंची गाणी लावली. आजी माहेरची भालोदची, त्यामुळे ती भाषा तिच्या घरचीच. दोन मिनिटांत ती म्हणाली, "बास!" दादाला वाटलं, आजीला बेस आवडला! तो आणखी वाढवायला निघाला, तर आजी वैतागली. "अरे बास कर. नुसती धडधड. बाई काय म्हनते, मले काहीच समजत नही."

मी साउंड सेटिंग उघडलं. बेस बूस्ट बंद केला, ट्रेबल दोन घरं वर नेला, व्हॉल्यूम उलट कमी केला. आणि आजी चक्क सोबत गुणगुणायला लागली!

यात जादू काहीच नाही. स, श, च यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या फ्रिक्वेन्सीत असते, साधारण 2 ते 8 किलोहर्ट्झ. वय वाढलं की कान आधी तिथेच कमी पडतो. त्यात मोठा बेस वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. आपण मात्र म्हाताऱ्या माणसांसाठी व्हॉल्यूमच वाढवत बसतो! बेस आणि ट्रेबल वेगवेगळे फिरवता येतील असं पीटर बॅक्सांडल यांचं प्रसिद्ध सर्किट 1952 साली छापून आलं. गंमत म्हणजे 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तकही 1952 चंच.

आता होस्टेलकडे वळू. रात्री अकरा वाजता शेजारच्या रूममधून काय ऐकू येतं? गाणं नाही, शब्द नाहीत, फक्त धप् धप्. कारण भिंत बारीक आवाज अडवते, जाड आवाज सोडते. 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास 7 मीटर, म्हणजे आपल्या रूमपेक्षाही मोठी. तिला आपली भिंत काय अडवणार?

वाजवणारी म्हणते, "अगं, आवाज तर बारीकच आहे!" ती खोटं बोलत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवलं की आवाज कमी असला की कानाला बेस फारच कमी ऐकू येतो. म्हणून रात्री आपण व्हॉल्यूम कमी करतो आणि बेस वाढवतो. म्हणजे आपल्याला हवं ते कमी आणि शेजारणीला नको ते जास्त!

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत मर्यादा 45 डेसिबल आहे. पण हे मोजमाप डीबी-ए मध्ये होतं, आणि त्यात 50 हर्ट्झचा आवाज सुमारे 30 डेसिबलने कमी धरला जातो. मोबाइलवर मोजून "बघा, नियमात आहे" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मीटर झोपलेला असला तरी शेजारीण जागीच असते. गेल्या सेमिस्टरला ओरलच्या आदल्या रात्री मी अशीच जागी होते. सकाळी सरांनी सोपा प्रश्न विचारला आणि डोक्यात फक्त धप् धप्!

मी बेसची वैरीण नाही. डग्गा काढला तर तबल्यात उरतं काय? ढोल तर हवाच. माझं म्हणणं एवढंच, की वूफर कोपऱ्यातून आणि भिंतीपासून लांब ठेवा, कारण कोपरा बेस आणखी फुगवतो. दहानंतर बेस शून्यावर आणा. हेडफोन लावत असाल तर तोही बेताने. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास ही हद्द सांगितली आहे, आणि दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते.

इंजिनिअरिंग शिकतो आपण. बटण फिरवायला कुणालाही येतं, कुठे थांबायचं ते कळायला हवं. आमची आजी शाळेत गेली नाही, पण तिने एका शब्दात सांगितलं. इंग्रजीत बेस म्हणजे काय ते मला माहीत होतं. मराठीत बास म्हणजे पुरे, हे तिने शिकवलं!