लाइट गेली आणि ड्रम चार बोटं उतरला

तीन वर्षांपूर्वीचा जून. मका पेरून दुसरा दिवस, आदल्या रात्री बरा पाऊस झालेला, रानात ओल होती. मक्यात तणनाशक मारायचं तर तण उगवायच्या आधी, अशा ओलीवरच. विहिरीच्या काठाला 200 लिटरचा ड्रम ठेवला, त्यात ॲट्राझीनची अर्ध्या किलोची पुडी कालवली, मोटारीचा पाइप आत सोडला. ड्रम भरत आला आणि लाइट गेली. भाऊ फवारणीचा पंप आणायला घरी गेलेला. मी बाभळीखाली तंबाखू मळत बसलो. पाच-दहा मिनिटांनी बघतो तर ड्रम चार बोटं उतरलेला. गळती नाही, खाली पाणी सांडल्याची खूण नाही. मग पेटलं डोक्यात. फूटव्हॉल्व्ह वर्षभर दगा देत होता आणि पाइपचं तोंड औषधात बुडालेलं होतं. मोटार थांबली तसं पाइपातलं पाणी माघारी फिरलं आणि जाताना ड्रममधलं औषध घेऊन विहिरीत उतरलं.

आम्ही सिल्लोड तालुक्यातले. इकडे जूनमध्ये ज्याच्या-त्याच्या रानात मका आणि ज्याच्या-त्याच्या विहिरीवर असाच ड्रम असतो. म्हणून त्या दिवशी विहिरीत किती औषध गेलं, तो हिशेब इथे मांडतो. पुडीवर 50 टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे अर्ध्या किलोत 250 ग्रॅम अस्सल औषध, ड्रममध्ये लिटरला सव्वा ग्रॅम. चार बोटं म्हणजे 18 लिटर धरा, साडेबावीस ग्रॅम विहिरीत गेलं. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस 10500, त्यात ॲट्राझीनची मर्यादा लिटरला 2 मायक्रोग्रॅम आहे. याचा अर्थ एक ग्रॅम औषध 5 लाख लिटर पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. आमची विहीर 25 फूट व्यासाची. जूनमध्ये तळाला जेमतेम 5 फूट पाणी, म्हणजे सत्तर हजार लिटर. मर्यादेच्या दीडशे पटीहून जास्त झालं ते. वर्षभरात विहिरीला सगळ्यात कमी पाणी असतं नेमकं तेव्हाच आपण तिच्या काठावर हे औषध कालवतो.

दोन दिवस मोटार लावून विहीर उपसली आणि पाणी ओढ्याला काढून दिलं. सुटलो, असं वाटलं. त्या ओढ्यावर खालच्या वस्तीची गुरं पाण्याला येतात, हे चार दिवसांनी आठवलं.

घरात कुणाला उलटी झाली नाही, चक्कर आली नाही. गोची तिथेच आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना माणसं दगावली तेव्हा महाराष्ट्र हलला. ती कीटकनाशकं होती आणि माणसं डोळ्यांदेखत गेली. विहिरीत उतरलेल्या तणनाशकाला ना वास, ना रंग, ना आरडाओरडा. जर्मनीने ॲट्राझीन 1991 मध्येच बंद केलं, तरी पुढे कित्येक वर्षं तिथल्या भूजलात ते सापडत राहिलं. आमची काळी जमीन तर उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात कोपरापर्यंत जावा. पहिल्या जोरदार पावसाचं पाणी मातीत मुरत बसत नाही, भेगेतून सरळ खालच्या मुरमात जातं आणि मुरमातून विहिरीच्या झऱ्याला. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाची तऱ्हा वेगळी. ते मातीला चिकटतं आणि माती वाहिली की तिच्यासोबत ओढ्यात जातं.

मग मारू नका, असं शहरातला आमचा मेहुणा म्हणतो. पेरणी सगळ्यांची एकदमच होते, त्या आठवड्यात खुरपणीला बाई मिळत नाही. बैल विकून दहा वर्षं झाली, कोळपं माळ्यावर पडलंय. तणनाशक सुटणार नाही हे मी मान्य करून बोलतोय. माझं म्हणणं काठापुरतं आहे. रानावर मारलेलं औषध उन्हात, मातीत, जिवाणूंच्या तोंडी थोडंफार तरी जिरतं. विहिरीवर सांडलेलं, पंप विसळून टाकलेलं, पुडी झटकलेलं सरळ पाण्यात जातं. पंपाच्या तळाशी अर्धा लिटर उरतो ना, त्यात 3 लाख लिटरचं वाटोळं करण्याइतकं औषध असतं.

स्वीडनमध्ये 1993 च्या सुमाराला यावर एक साधा खड्डा निघाला. अर्धा पेंढा, बाकी माती आणि कुजलेलं पीट, वर गवत. पंप त्यावर भरायचा आणि त्यावरच धुवायचा. पेंढ्यावरची बुरशी औषध खाऊन टाकते. इंग्लंडात पीटऐवजी कंपोस्ट वापरतात. गव्हाचं काड आणि शेणखत आमच्याकडे काय कमी आहे? पण ठिबकाला अनुदान, शेततळ्याला अनुदान, बॅटरीच्या पंपालाही अनुदान, आणि तो पंप धुवायचा कुठे यावर कृषी खात्याच्या एका सभेत मी चकार शब्द ऐकलेला नाही. कायदा गप्प आहे असंही नाही. 1971 च्या कीटकनाशक नियमांत धुवण आणि रिकामी डबडी पाण्यात जाता कामा नयेत, असं लिहिलंय. 2022 च्या ऑक्टोबरात केंद्राने आदेश काढला की ग्लायफोसेट परवानाधारक कीडनियंत्रकानेच मारायचं. हा परवानाधारक इसम आमच्या बांधावर अजून कुणी पाहिलेला नाही.

जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच बायकांना पाणी तपासायची पेटी दिली, शिकवलं, हे चांगलंच झालं. त्या पेटीत क्लोराइड कळतं, नायट्रेट कळतं, फ्लोराइड कळतं. तणनाशक कळत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. मग भूजल सर्वेक्षण यंत्रणेने मक्याच्या आणि उसाच्या तालुक्यांत निवडक विहिरींचं पाणी वर्षातून एकदा, तेही जुलैत, पहिल्या मोठ्या पावसानंतर, ॲट्राझीनसाठी तपासावं आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. मार्चमध्ये तपासून सगळं ठीक आहे म्हणू नये. आणि आयएस 10500 च्या यादीत ॲट्राझीन, ब्यूटाक्लोर, 2,4-डी आहेत, ग्लायफोसेट मात्र नाही. तेही एकदा बघावं.

आमच्यापुरतं सांगायचं तर ड्रम आता विहिरीपासून साठ-सत्तर पावलांवर, बांधाच्या वरच्या अंगाला असतो. फूटव्हॉल्व्ह नवा बसवला. पाइप ड्रमच्या वर वीतभर, लाकडाच्या घोडीला तारेने बांधलेला. पंपात तीनदा साधं पाणी घालून तेही मक्यातच मारतो. भाऊ म्हणतो, वेळ जातो. आई मात्र त्या जूनपासून प्यायचं पाणी शाळेजवळच्या हापशावरूनच आणते. त्या हापशाच्या वरच्या बाजूला आठ एकर मका आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.