अपघातस्थळी पहिला मदतनीस कोण?

रस्ते अपघातातील जखमींना आगाऊ पैसे न भरता उपचार मिळावेत, यासाठी केंद्र शासनाने ५ मे २०२५ रोजी एक योजना अधिसूचित केली. नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च या योजनेतून भागविण्याची तरतूद आहे. योजना स्वागतार्ह आहे. मात्र तिचा लाभ रुग्णालयाच्या दारापर्यंत जिवंत पोहोचलेल्यालाच मिळणार. त्या दारापर्यंतच्या वाटेचे काय, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

२०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील होती. कोल्हापूर जिल्ह्यातून पुणे-बंगळूर महामार्ग जातो आणि कोकणात उतरणारे घाटरस्तेही जातात. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री शिवाजी पुलावरून मिनीबस पंचगंगेत कोसळून १३ जण दगावले. त्याही रात्री परिसरातील रहिवासी मदतीला धावले होते. राज्यात २०१४ पासून '१०८' क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तरी घाटात वा आडवाटेला ती पोहोचेपर्यंत वेळ जातोच. तेवढा वेळ जखमीचे प्राण वाटेवरच्या माणसाच्या हाती असतात.

कोल्हापुरात 'सीपीआर' म्हटले की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय डोळ्यांसमोर येते. वैद्यकशास्त्रात हीच अक्षरे बंद पडलेले हृदय व श्वास चालू ठेवण्याच्या उपचारासाठी वापरतात. हा उपचार घडविण्यात मोठा वाटा डॉ. पीटर सफार या भूलतज्ज्ञाचा होता. व्हिएन्नात १९२४ साली जन्मलेले सफार पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. भूल दिलेल्या माणसाची जीभ मागे सरकून श्वासमार्ग बंद होतो, हे भूलतज्ज्ञाला रोजच्या अनुभवाने ठाऊक असते. अपघातात बेशुद्ध होऊन उताणा पडलेल्या माणसाचेही तेच होते. बाल्टिमोर येथे सफार यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना औषधाने निश्चल केले आणि सामान्य माणसांकरवी त्यांना तोंडाने श्वास देवविला. पाठ दाबण्याच्या व हात उचलण्याच्या जुन्या पद्धतींपेक्षा ही रीत कितीतरी परिणामकारक आहे, हे १९५८ साली जगापुढे आले. छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण राखण्याची पद्धत १९६० साली बाल्टिमोरमधीलच जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी प्रसिद्ध केली आणि सफार यांनी दोहोंची सांगड घातली. या संशोधनाने शस्त्रक्रियागृहातील विद्या रस्त्यावरच्या माणसाच्या हाती दिली.

अर्थात, अपघातात केवळ छाती दाबून भागत नाही. पुष्कळ जखमी रक्तस्रावाने दगावतात. ४० देशांतील २०,२११ जखमींवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड या स्वस्त औषधाने मृत्यू कमी झाल्याचे दिसून आले. पण ते पहिल्या तीन तासांत देणे आवश्यक ठरले. औषध देणे डॉक्टरांचे काम. स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरणे मात्र कोणालाही जमते. बेशुद्ध माणसाला पाणी पाजण्याची आपल्याकडील सवय घातक आहे, कारण ते पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. मानेला दुखापत असण्याची शंका असल्यास मान न वळविता केवळ जबडा पुढे उचलावा, असे तज्ज्ञ सांगतात.

मग माणसे पुढे का येत नाहीत? पोलीस चौकशीची भीती हे एक जुने कारण. ती भीती कायद्याने पुष्कळशी दूर केली आहे. तातडीचा रुग्ण नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितले. मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने २०१६ साली बंधनकारक केली. पुढे २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत '१३४अ' हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, जखमी दगावला तरी, त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्तीही नाही. अशा मदतनीसाला कायद्याने दिलेले इंग्रजी नाव प्रभू येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातून आलेले आहे.

पैशाची व कायद्याची अडचण निदान कागदावर तरी मिटली. उरते ते अज्ञान, आणि ते केवळ शासनाच्या आदेशाने जाणार नाही. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना, प्राण राखण्यासाठी साधारण उपाय योजणे हे कर्तव्य असून असाधारण उपायांचे बंधन नाही, असा विवेक केला होता. जबडा उचलून श्वासमार्ग मोकळा करणे आणि जखम दाबून धरणे यांहून साधारण उपाय कोणते असणार?

आपल्या धर्मग्रामांत परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत. रविवारच्या मिस्सानंतर दोन तासांचा वर्ग त्यांच्या साहाय्याने भरविणे अशक्य नाही. रिक्षाचालक, दूधसंकलनाच्या गाड्यांवरील चालक व महामार्गालगतचे दुकानदार यांना, ते कोणत्याही धर्माचे असोत, त्या वर्गाला अगत्याने बोलवावे. सरावासाठी पुतळा लागतो. तो दोन-तीन धर्मग्रामांनी मिळून घेतला तर खर्चही आटोक्यात राहील. येत्या पावसाळ्यात घाट निसरडे होण्यापूर्वी असा एक तरी वर्ग प्रत्येक धर्मग्रामात व्हावा, अशी आमची विनंती आहे.