सेवा शिकावी लागते

2023 सालच्या दिवाळीतली गोष्ट. फराळाची आवराआवर चालू असताना सांगलीहून मावसबहिणीचा फोन आला. आवाज रडवेला. "ताई, पोरगी बी.कॉम. झाली, बँकेच्या परीक्षेचा क्लास लावला, आणि आता म्हणते मेलबर्नला जाते. तिथं शिकायचं काय, तर म्हाताऱ्याकोताऱ्यांचं करायला! त्यांची शी-शू काढायला शिकवायचं म्हणून आम्ही कर्ज काढायचं का? लोकांनी विचारलं तर काय सांगू?"

मी समजुतीचं काहीतरी बोलले. पण खरं सांगायचं तर मनातून मलाही ते पटलेलं नव्हतं. मुलगी गेली. बहीण चारचौघांत "ती हेल्थकेअरमध्ये आहे" असं सांगू लागली. आम्हीही कुणी जास्त खोलात शिरलो नाही.

गेल्या वर्षी मुलाकडे मेलबर्नला दोन महिने राहण्याचा योग आला. भाची एक रविवार आड माझ्याकडे जेवायला यायची. जेवताना ती जे सांगायची, त्याने माझ्या डोक्यातल्या बऱ्याच कल्पना उलट्यापालट्या झाल्या.

ऑस्ट्रेलियात वृद्धांची संख्या वाढते आहे आणि त्यांच्याकडे पाहणारे हात कमी पडताहेत, हे आपण ऐकून असतो. पण हात कसे हवेत, याचा विचार त्या देशाला एका कटू अनुभवानंतर करावा लागला. वृद्धाश्रमांतल्या गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी 2018 साली तिथे रॉयल कमिशन नेमलं गेलं. पुढल्या वर्षी त्याचा अंतरिम अहवाल आला, त्याचं शीर्षक होतं 'हेळसांड' या अर्थाचा एकच शब्द. 2021च्या अंतिम अहवालाने सेवकांच्या किमान शिक्षणाचा आग्रह धरला. जुलै 2023पासून वृद्धाश्रमात चोवीस तास प्रशिक्षित नर्स असणं बंधनकारक झालं. ऑक्टोबर 2024पासून प्रत्येक वृद्धामागे रोज सरासरी 215 मिनिटांची प्रत्यक्ष सेवा मिळाली पाहिजे, असा दंडक आला. शिवाय अपंगांना स्वतःच्या मदतनिसाची निवड करता यावी म्हणून 2013पासून सुरू झालेली राष्ट्रीय विमा योजना आहेच. या सगळ्याला माणसं लागतात, आणि त्यांतली कितीतरी परदेशी विद्यार्थ्यांतून येतात.

त्यांचा पहिला अभ्यासक्रम म्हणजे 'सर्टिफिकेट थ्री इन इंडिव्हिज्युअल सपोर्ट'. विषय पंधरा. वृद्धांची सेवा, अपंगांची सेवा किंवा दोन्ही घेता येतात. वर्गातल्या शिक्षणाखेरीज प्रत्यक्ष कामाच्या जागी किमान 120 तास काढावे लागतात. मी भाचीला विचारलं, "अगं, पण यात शिकण्यासारखं काय आहे? आपल्याकडे सुना-लेकी हे न शिकताच करतात की."

ती हसली. म्हणाली, "मावशी, मलाही तसंच वाटायचं."

मग तिने सांगितलं. माणसाला खुर्चीतून पलंगावर हलवायचं तर काखेत हात घालून ओढायचं नाही. त्याचा खांदा जातो आणि आपली कंबर. त्यासाठी झोळीत बसवून उचलणारं यंत्र असतं, ती झोळी कशी घालायची याचा सराव करावा लागतो. ज्याला गिळायला त्रास होतो त्याला साधं पाणीही घशाखाली नीट उतरत नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून कुणाला किती दाट करून द्यायचं, ते ठरलेलं असतं. भरवताना उभं राहायचं नाही, समोर बसायचं. दार उघडं असलं तरी टकटक केल्याशिवाय आत जायचं नाही. नोंदवहीत 'आजी चिडल्या' असं लिहायचं नाही; काय पाहिलं, काय ऐकलं, तेवढंच लिहायचं.

सगळ्यात अवघड धडा तिला प्रॅक्टिकलच्या पहिल्याच आठवड्यात मिळाला. एक आजोबा थरथरत्या बोटांनी शर्टाची बटणं लावत होते. हिने आपल्या घरच्या संस्काराप्रमाणे पटकन पुढे होऊन लावून दिली. बाहेर आल्यावर शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यांच्या दिवसातलं त्यांच्या हातचं उरलेलं एक काम तू काढून घेतलंस. दहा मिनिटं लागली असती, लागू द्यायची होतीस." भाची म्हणाली, "मावशी, मला रडू आलं. मी चांगलंच करायला गेले होते ना!"

आपल्याकडे सेवा म्हणजे सगळं करून देणं. म्हाताऱ्या माणसाला हलू द्यायचं नाही, यात आपल्याला प्रेम दिसतं. अपंग माणसाच्या बाबतीत तर आपण त्याच्याशी न बोलता त्याच्या सोबत आलेल्याला विचारतो, "यांना चहा चालतो का?" तिथे शिकवतात, आधी त्यालाच विचार. हा फरक पुस्तक वाचून कळत नाही. कुणीतरी बाजूला उभं राहून चूक दाखवावी लागते.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. मेलबर्नमध्ये महायुद्धानंतर ग्रीस आणि इटलीतून आलेली माणसं खूप, ती आता वृद्ध झाली. स्मृतिभ्रंश झाला की पुष्कळांची मागाहून शिकलेली इंग्रजी आधी जाते, आईची भाषा मागे राहते. एक ग्रीक आजी दुपारभर "नेरो, नेरो" म्हणत होत्या. नेरो म्हणजे पाणी. सांगलीच्या मुलीने तो शब्द कागदावर लिहून घेतला, आणि तसे आणखी वीसेक.

एका रविवारी बोलता बोलता माझ्या आईचा विषय निघाला. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा डावी बाजू गेली होती. ब्यूरोतून एक बाई यायची. ब्लाउज घालताना आई रोज ओरडायची. आम्ही म्हणायचो, आजारपणाने चिडचिडी झालीय. कधी बाईवर रागवायचो, कधी आईवर. भाचीने विचारलं, "आधी कोणता हात घालायची?" मी आठवून सांगितलं, उजवा, म्हणजे चांगला. ती जरा गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "मावशी, घालताना दुखरा हात आधी घालायचा असतो. काढताना चांगला आधी. नाहीतर शेवटी दुखरा हात मागे पिरगळावा लागतो."

एवढंच! तीन वर्षं माझी आई रोज सकाळी ओरडली, आणि घरातल्या चार शिकलेल्या माणसांना एवढं ठाऊक नव्हतं. त्या बाईला तरी कुणी शिकवलं होतं?

म्हणूनच या शिक्षणाच्या नावाखाली जी फसवणूक चालते तिची मला चीड येते. भाचीबरोबर राहणारी एक मुलगी दुसऱ्या एका कॉलेजात होती. तिथे एका खोलीत एक पलंग, एक रबरी बाहुली आणि तीसेक विद्यार्थी. प्रॅक्टिकलची जागा "पुढच्या महिन्यात देऊ" म्हणत दिवस गेले, आणि शेवटी तास भरल्याची सही मिळाली. कामाच्या पहिल्या दिवशी त्या उचलण्याच्या यंत्रापुढे ती नुसती उभी राहिली. नशीब, तिने न येणारं काम करायचं धाडस केलं नाही. अशी उदाहरणं एकदोनच नाहीत. 2024च्या अखेरीपासून तिथल्या व्यावसायिक शिक्षणाच्या नियामक संस्थेने काही बंद झालेल्या कॉलेजांची हजारो प्रमाणपत्रं रद्द केली. त्यांत या सेवेचीही होती. कॉलेजचा धनी पैसे घेऊन मोकळा झाला. मुलांचं कर्ज राहिलं, आणि कुणा म्हाताऱ्याच्या खांद्याचं काय झालं असेल ते त्यालाच माहीत.

ज्यांच्या घरात असा बेत चालू आहे, त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एजंटला पुष्कळदा कॉलेजकडून कमिशन मिळतं, हे विसरू नका. कॉलेज परदेशी विद्यार्थी घेण्यासाठी सरकारी नोंदवहीत आहे का, ते स्वतः पाहा. प्रॅक्टिकलची जागा कोण शोधणार, कुठल्या वृद्धाश्रमात, हे लेखी घ्या. शिकत असताना सत्र चालू असेल तर पंधरवड्याला 48 तासांच्या वर काम करता येत नाही. त्या कमाईवर फी आणि हप्ते दोन्ही भागतील, असं गणित कुणी मांडून दाखवलं तर सावध व्हा. नुसत्या व्हिसाच्या अर्जालाच जुलै 2025पासून दोन हजार डॉलर पडतात. आणि विद्यार्थी म्हणून गेलं की कायमचं राहायला मिळतंच, असं नाही. त्यासाठी 2023पासून एक वाट झाली आहे, पण ती विशिष्ट करारात सामील झालेल्या मालकाने पुरस्कृत केलं तरच, आणि पुढे दोन वर्षांच्या कामानंतर.

मात्र एक प्रश्न विचारू नका: 'हे काम करायला लाज नाही का वाटत?' जे काम आपण आपल्या घरात सर्वांत कमी पगाराच्या, काहीही न शिकवलेल्या बाईवर सोपवतो आणि ज्याच्यावर आपल्या आईचे शेवटचे दिवस अवलंबून असतात, त्याची लाज कुणाला वाटायला हवी?

परवा सांगलीला गेले होते. बहिणीच्या सासूबाई आता अंथरुणाला खिळल्या आहेत. शेजारीण आली, तिने भाचीची चौकशी केली. बहीण सासूबाईंची कूस बदलत होती, लेकीने फोनवर दाखवलं होतं तशी, पाठीमागे उशी लावून. मान वर न करता म्हणाली, "म्हाताऱ्या माणसांचं करते. रीतसर शिकलीय ती."