बाजरी निवडायची कोणी?

भोगीला बाजरीची भाकरी ऐरोलीतही घरोघरी होते. पूर्वी बाजरी सुपात पाखडून, निवडून दळायला जायची. आता अनेक घरांत पीठ थेट पाकिटातून येते. २०२३च्या आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्षानंतर शहरात बाजरीचे कौतुक वाढले, हे चांगलेच. पण निवडण्याचे काम मात्र कोणाचेच राहिले नाही.

या निवडण्याला कारण होते. १९५६-५७च्या सुमारास तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट लागलेली बाजरी खाल्ल्याने मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी अशा विषबाधेची साथ आली होती.

अरगट ही बुरशी. तिच्यापासून बाजरीचा बचाव वेळेवर अवलंबून असतो. कणसावर आधी स्त्रीकेसर बाहेर येतात, पराग नंतर. पराग पडला की स्त्रीकेसर आकसतात आणि आत जाण्याची वाट बंद होते. मधल्या काळात बुरशीचा बीजाणू पोहोचला, तर तो परागाच्याच वाटेने आत उतरतो. मग कणसातून चिकट द्राव गळतो आणि दाण्याच्या जागी काळपट, विषारी गाठ तयार होते.

गावरान बाजरी मागेपुढे फुलते, त्यामुळे हवेत पराग असतोच. संकरित बाजरी मात्र एकदम फुलते आणि पराग येईपर्यंत सारे शेत उघडे पडते. त्यात पावसाळी, ढगाळ हवा असली की बुरशीचे फावते.

संकरित वाणांनी उत्पादन वाढवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वाणाची परीक्षा केवळ क्विंटलवर होऊ नये; फुलोऱ्यातला हा बचावही पाहिला पाहिजे. दळल्यावर अरगट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पीठ विकणाऱ्यांनी दळण्याआधी धान्य तपासलेच पाहिजे आणि अन्न प्रशासनाने त्यावर लक्ष ठेवले पाहिजे.

घाबरून बाजरी सोडू नये. अख्खी बाजरी आणली असेल तर १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात ती टाकावी, तरंगणाऱ्या गाठी व पोचट दाणे काढून टाकावेत आणि खालची बाजरी स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावी. एकाच पिठाची भाकरी खाऊन घरातल्या अनेकांना उलट्या, चक्कर सुरू झाल्यास रुग्णालयात जाताना ते पीठही सोबत न्यावे.