आयमॅकचें रूप आणि त्याचे परीक्षक

एखाद्या नित्याच्या वस्तूचें रूप पालटलें कीं लोकांत दोन पक्ष पडतात. एक जुन्या रूपासाठीं हळहळतो, दुसरा नव्यावर लुब्ध होतो. ॲपल कंपनीच्या आयमॅक ह्या मेजावरील संगणकाविषयीं गेलीं पंचवीसांहून अधिक वर्षें हाच प्रकार चालला आहे. आणि नवल हें कीं, दोन्ही पक्षांनीं जेथें पाहावयास हवें तेथें क्वचितच पाहिलें. रंगावरून रणें माजलीं. यंत्राची पाठ उघडते कीं नाहीं, हें विचारण्याचें काम मात्र दुरुस्ती करणाऱ्यांवर सोडून देण्यांत आलें.

पहिला आयमॅक 1998 च्या ऑगस्टांत विक्रीस आला. त्या काळचे संगणक म्हणजे मळकट रंगाच्या चौकोनी पेट्या. हें यंत्र मात्र निळसर, अर्धपारदर्शक, गोलसर आणि माथ्यावर उचलावयास मूठ असलेलें! पुढच्याच जानेवारींत त्यानें पांच रंग धारण केले. ‘हें तर खेळणें!’ म्हणून गंभीर मंडळींनीं नाकें मुरडलीं. आमच्या मतें हा आक्षेप पोकळ होता. संगणकाला भिणाऱ्या मनुष्यास त्यावर हात ठेवण्याचा धीर यावा, हें त्या रंगाचें व त्या मुठीचें काम होतें, आणि तें त्यांनीं केलें. त्याच यंत्राबरोबर आलेला वाटोळा माउस पाहा: दिसावयास गोजिरवाणा, पण हातांत घेतला असतां त्याचें तोंड कोणीकडे हेंच कळेना. 2000 सालीं कंपनीनें तो बदलला. रूपाची खरी कसोटी ह्या दोन उदाहरणांत आली आहे. रूप वापरणाऱ्याच्या उपयोगीं पडतें, कीं केवळ पाहणाऱ्याच्या?

2002 सालीं अर्धगोल बैठक, तिच्यावर धातूची भुजा आणि भुजेच्या टोकाला सपाट पडदा, असें नवें रूप आलें. त्याला कोणी दिवा म्हटलें, कोणी सूर्यफूल. परंतु तो पडदा सहज वरखालीं करून आपल्या मानेस सोईचा करतां येई. 2004 मध्यें सर्व यंत्र पडद्यामागें गेलें आणि ही सोय नाहींशी झाली. तरी त्या पांढऱ्या आयमॅकची पाठ कांहीं स्क्रू सैल करून मालकास स्वतः काढतां येत असे.

पुढें कृशतेचें वेड लागलें. 2012 च्या आयमॅकची कड 5 मिलिमीटरांची झाली. पाठीचा मध्य मात्र फुगीरच राहिला. ह्या कडेपायीं तबकडीचा खण गेला, पडदा चिकटपट्टीनें डकविला गेला, आणि लहान आकाराच्या यंत्रांत मेमरी वाढविण्याचें दार मालकास बंद झालें. 2021 सालीं सात रंगांचा, 11.5 मिलिमीटर जाडीचा आयमॅक आला, तेव्हां पुन्हां वाद झाला तो पडद्याची कड पांढरी असावी कीं काळी, आणि खालची हनुवटी शोभते कीं नाहीं, ह्याविषयीं! ह्या यंत्रांत विकत घेतांना जेवढी मेमरी घेतली तेवढीच जन्मभर. 2024 ची आवृत्तिही ह्याच कायेची.

प्रवासांतल्या संगणकास कृशता शोभते. ती खांद्यावरचें ओझें हलकें करते. जें यंत्र वर्षानुवर्षें एकाच मेजावर बसावयाचें, त्याच्या कृशतेनें मालकाचें कोणतें ओझें हलकें झालें?

ह्यावर दोन उत्तरें मिळतात. पहिलें असें कीं, बहुतेक ग्राहक यंत्र कधीं उघडीतच नाहींत. खरें आहे. घड्याळाची पाठही आपण उघडीत नाहीं. पण ती घड्याळजीस उघडतां यावी, अशी आपली अपेक्षा असतेच. दुसरें असें कीं, नव्या चिपला मेमरी जवळ असल्यानें वेग मिळतो व वीजही कमी लागते. हा लाभ आम्हांस मान्य आहे. परंतु पडद्याचें काय? 2009 ते 2014 ह्या काळांतील कांहीं आयमॅक, तार जोडून, दुसऱ्या संगणकाचा पडदा म्हणून वापरतां येत. पुढें ही सोय काढून घेण्यांत आली. अधिक बारीक चित्रास एक तार पुरत नाहीं, ही सबब एके काळीं चालली असती. 2022 सालीं ह्याच कंपनीनें एका तारेनें जोडावयाचा 5के पडदा स्वतंत्रपणें विकावयास काढला, तेव्हां तीही उरली नाहीं. म्हणजे आंतलें यंत्र थकलें कीं, डोळ्यांस सुख देणारा धडधाकट पडदाही त्याच्यासह अडगळींत जावयाचा. हा नियम निसर्गाचा नव्हे, विकणाऱ्याचा आहे.

रंगाचा द्वेष आम्ही करीत नाहीं. निळ्या यंत्राची बाजू वर घेतलीच आहे. आमचें भांडण परीक्षकांशीं आहे. नव्या रूपाची स्तुति वा निंदा करण्यापूर्वीं त्यांनीं सांगावें कीं, हें यंत्र दुरुस्त कसें होतें, वाढवितां येतें काय, आणि जुनें झाल्यावर त्याचा कोणता भाग कामास येतो. हें न सांगतां जे हनुवटीच्या सौंदर्यावर वितंडवाद घालतात, ते ग्राहकाचे सल्लागार नव्हेत, दुकानाच्या काचेपुढें उभे असलेले बघे होत. आणि घरांत यंत्र आणणाऱ्या कुटुंबानें त्यांच्या मताला तितकीच किंमत द्यावी.