"दूध पुरत नाही" म्हणण्याआधी

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गेल्या वर्षी नात झाली. तिसऱ्या रात्री ती सारखी रडत होती. मी सुनेला सहज म्हटलं, "अगं, तुला दूध पुरत नाहीये वाटतं. वरचं देऊया." ती काहीच बोलली नाही, भिंतीकडे तोंड करून रडत राहिली.

मग मला आठवलं, चाळीस वर्षांपूर्वी हेच वाक्य मी माझ्या सासूबाईंकडून ऐकलं होतं. डबा आला आणि दोन महिन्यांत माझं दूध आटलं. बाळ जितकं ओढेल तितकं दूध येतं. वरचं दिलं की ओढणं कमी होतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

पहिले दिवस थोडासाच पिवळसर चीक येतो, बहुतेक बाळांना तो पुरतो. आपण मात्र गळथुथी म्हणून मधाचं बोट घेऊन धावतो. वर्षाच्या आत मध देऊच नये.

सकाळी नर्सबाईंना बोलावलं. सुनेला भेगा पडल्या होत्या, लाजेपायी ती बोलली नव्हती. बाईंनी बाळाला धरायची पद्धत बदलली, दुखणं कमी झालं.

१९९२ च्या कायद्याने डब्याच्या दुधाची जाहिरात बंद केली. घरातली जाहिरात आपणच करतो! काहींना डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं द्यावंच लागतं, त्यांनाही टोमणे नकोत.

डिंकाचे लाडू आपण प्रेमाने करतोच. त्याबरोबर बाळंतिणीला दोन तास झोप द्या, आणि तिचं दूध मोजू नका.